पंचवीस किलोमीटर हवाई: साखर कारखान्याची जागा आणि उसाचा प्रवास

जानेवारीत रात्री दोनच्या सुमाराला नगर-मनमाड रस्त्यावर, कोल्हारच्या पुलाच्या आसपास चहाच्या टपरीवर थांबलं की एक दृश्य हमखास दिसतं. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, वर बांधाबाहेर लोंबणारा ऊस, डेकवर मोठ्यानं गाणी, आणि गाडी चाललीय उत्तरेला. तिची धूळ बसायच्या आत समोरून तसाच ट्रॅक्टर, तशाच दोन ट्रॉल्या, तोच ऊस, आणि तो चाललाय दक्षिणेला. दोघे एकमेकांना हॉर्न देतात आणि निघून जातात.

अर्थशास्त्राच्या वर्गात उद्योगांच्या स्थाननिश्चितीची जी गणितं शिकवतात, त्यांच्या हिशोबानं हे घडायलाच नको. एकच माल, दोन कारखाने. प्रत्येक शेताचा ऊस जवळच्या कारखान्याला जावा, दोघांच्या हद्दीत एक रेघ पडावी आणि ती रेघ ओलांडून कुणी उलट जाऊ नये. मग हे ट्रॅक्टर एकमेकांना का भेटतात? गणित चुकलंय, की गणितात घातलेलं काहीतरी खोटं आहे? या प्रकरणात तेवढंच तपासायचं आहे. कारखान्याची जागा कशी ठरली, अंतराचा कायदा काय करतो, आणि ट्रॅक्टरचा हिशोब शेवटी कुणाच्या बिलात लागतो.

सुरुवात वजनापासून करू. शंभर टन ऊस गाळला की साधारण दहा-अकरा टन साखर निघते. तीसेक टन बगॅस (रस काढल्यावर उरणारा चोथा), चारेक टन मळी, तितकीच प्रेसमड (रस गाळून उरणारा गाळ), बाकी पाणी. म्हणजे एक टन साखरेसाठी नऊ टन ऊस हलवायचा. आल्फ्रेड वेबर या जर्मन अर्थशास्त्रज्ञानं १९०९ मध्ये याच गुणोत्तराला केंद्रस्थानी ठेवून मांडणी केली: कच्च्या मालाचं वजन भागिले पक्क्या मालाचं वजन. हा आकडा एकाच्या फार वर गेला की कारखाना बाजाराकडे जात नाही, मालाकडे येतो. उसाचा आकडा नऊ. त्यात ऊस नाशवंत. तोडल्यापासून चोवीस तासांत गव्हाणीत, म्हणजे कारखान्यात ऊस टाकायच्या जागी, पडला पाहिजे हा दंडक. उशीर झाला की वजनही उतरतं आणि उताराही, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण. त्यामुळे साखर कारखाना मुंबईत उभा राहणं शक्यच नव्हतं.

कापसाशी ताडून पाहिलं की मुद्दा आणखी उघडा पडतो. वेचलेल्या कापसात रुई जेमतेम एक तृतीयांश, बाकी सरकी. म्हणून जिनिंग, म्हणजे सरकी वेगळी काढण्याचं काम, अकोला, अमरावती, यवतमाळच्या शिवारात राहिलं. पण एकदा रुईची गाठ बांधली की पुढे वजन फारसं घटत नाही; एक टन रुईचं जवळपास एक टन सूत. मग ती गाठ मुंबईला जाऊ दे नाहीतर मँचेस्टरला, भाड्यात विशेष फरक नाही. गिरणी कुठेही चालते, आणि ती जिथे भांडवल, बंदर आणि मजूर होते तिथे गेली. विदर्भातल्या शेतकऱ्याच्या हातात जिनपर्यंतचीच साखळी राहिली. प्रवरा-गोदावरीच्या पट्ट्यात किंवा कोल्हापूर-सांगलीकडे मात्र कारखाना शेताच्या बांधावरच यावा लागला, आणि बांधावर आला म्हणून तो शेतकऱ्यांना ताब्यात घेता आला. सहकाराचं श्रेय माणसांना द्यायला हवंच, पण नऊ हा आकडा त्यांच्या बाजूनं होता, हे आपल्याकडे कुणी सांगत नाही.

लोणीचा प्रवरा कारखाना १९५० मध्ये गाळपाला लागला. विठ्ठलराव विखे पाटलांचं नाव सगळ्यांना माहीत आहे. पहिले अध्यक्ष अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ होते, आणि गाडगिळांनी त्याआधी पुण्याच्या गोखले संस्थेतून गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या आर्थिक परिणामांची पाहणी केली होती. तिचा अहवाल १९४८ चा. भंडारदऱ्याचं धरण १९२६ ला पुरं झालं होतं, पाटाला पाणी होतं. म्हणजे कारखान्याची जागा शोधणारा माणूस त्या मुलखाचं पाणी आणि पीक आधी मोजून बसलेला होता. स्थाननिश्चितीचं इतकं चांगलं क्षेत्रकाम नंतरच्या किती कारखान्यांच्या वाट्याला आलं, हे ज्यानं त्यानं आपापल्या तालुक्यात बघावं.

आता जागा नेमकी कुठे? इथे लोकांची सहज चूक होते, म्हणून जरा थांबतो. एका रस्त्यावर तीन गावं धरा. पहिल्या गावात ४० हजार टन ऊस. तिथून ४ किलोमीटरवर दुसरं, ३० हजार टन. पहिल्यापासून २० किलोमीटरवर तिसरं, तिथेही ३० हजार. कारखाना कुठे काढाल? बैठकीत कुणीतरी म्हणणार, सगळ्यांना सोयीचं मध्य काढा. वजनानं सरासरी काढली तर जागा ७.२ किलोमीटरवर येते. तिथे कारखाना काढला तर एकूण वाहतूक ७ लाख ६८ हजार टन-किलोमीटर. आणि सरळ दुसऱ्या गावात काढला तर ६ लाख ४० हजार. सरासरीची जागा वीस टक्के महाग पडली. अंतराची बेरीज कमीत कमी हवी असेल तर सरासरी चालत नाही, मध्यगा लागते. अर्धा ऊस एका अंगाला, अर्धा दुसऱ्या अंगाला, असा बिंदू. तिसरं गाव २० च्या ऐवजी ५० किलोमीटरवर नेलं तरी तो बिंदू हलत नाही. लांबच्या गावाला हे पटणार नाही, पण ते बरोबर आहे.

रस्ता एकच नसून गावं चहूकडे पसरलेली असतील तर हाच प्रश्न अवघड होतो. वेबरच्या काळी त्यासाठी लाकडी फळी वापरत: नकाशा चिकटवायचा, गावांच्या जागी भोकं पाडायची, प्रत्येक भोकातून दोरा सोडून त्याला त्या गावाच्या टनांच्या प्रमाणात वजन टांगायचं, आणि वर सगळे दोरे एका गाठीत बांधायचे. गाठ सोडली की ती सरकत सरकत जिथे थांबते ती जागा. वाइसफेल्ड नावाच्या हंगेरियन गणितज्ञानं १९३७ मध्ये हीच गाठ कागदावर सरकवण्याची रीत दिली: जिथे आहात तिथून प्रत्येक गावाला त्याचा ऊस भागिले त्याचं अंतर एवढं वजन द्या, नवी सरासरी काढा, तिथे जा, पुन्हा तेच करा. आज एक्सेलमध्ये अर्ध्या तासात होतं. एखादं गाव इतकं जड असेल की बाकी सगळे मिळूनही गाठ ओढू शकत नाहीत, तर गाठ त्या गावाच्या भोकातच अडकते. काही गावांची नावं पुढे ‘नगर’ कशी झाली, त्याचं थोडं उत्तर या भोकात आहे.

जागेनंतर आकार. समजा कारखाना दिवसाला १२५० टन गाळतो. सहकाराच्या मधल्या काळात नव्या कारखान्याचं हेच माप होतं. हंगाम १६० दिवसांचा धरला तर २ लाख टन ऊस लागेल. हेक्टरी ८० टन धरले तर २५०० हेक्टर. पाटाखालच्या गच्च मुलखात एकूण जमिनीच्या २० टक्क्यांवर ऊस असेल तर हे क्षेत्र १२५ चौरस किलोमीटरच्या वर्तुळात मावतं. त्रिज्या ६.३ किलोमीटर. वर्तुळात सरासरी अंतर त्रिज्येच्या दोन तृतीयांश असतं, म्हणजे ४.२, रस्त्याच्या वळणांसाठी तीस टक्के वाढवा, साडेपाच किलोमीटर. ही बैलगाडीची मजल आहे. पहाटे तोड, दुपारी मोळ्या बांधून गाडी निघाली, संध्याकाळी कारखान्याच्या वजनकाट्यावर. सगळं बसतं.

त्याच मुलखात दिवसाला १० हजार टनांचा कारखाना आणा. १६ लाख टन, २० हजार हेक्टर, त्रिज्या जवळपास १८ किलोमीटर. आणि कोरडवाहू भागात, जिथे जेमतेम ५ टक्के जमिनीवर ऊस आहे, तिथे हाच कारखाना ठेवला तर त्रिज्या ३६ किलोमीटरच्या घरात जाते, आणि रस्त्यानं सरासरी प्रवास ३१ किलोमीटर. बैलगाडी संपली, ट्रॅक्टर आणि ट्रक आले.

कारखाने मोठे का होतात? कारण हिशोब तसाच येतो. यंत्रसामग्रीचा खर्च क्षमतेच्या साधारण ०.६ घाताच्या प्रमाणात वाढतो, असा अभियंत्यांचा जुना ठोकताळा. म्हणजे क्षमता दुप्पट केली की टनामागचा स्थिर खर्च २४ टक्क्यांनी उतरतो. वाहतूक वर्गमुळानं वाढते, ४१ टक्क्यांनी. वरवर पाहता वाहतूक जिंकते. पण २४ टक्के कशाचे आणि ४१ टक्के कशाचे? हिशोबासाठी स्थिर खर्च टनाला ६०० रुपये आणि वाहतूक ७५ रुपये धरली तर दुप्पट केल्यावर एका बाजूला १४५ वाचतात आणि दुसऱ्या बाजूला ३१ वाढतात. संचालक मंडळ विस्तारवाढीचा ठराव करणारच. स्थिर खर्च आणि वाहतूक यांची ही ओढाताण हाच पॉल क्रुगमन यांच्या १९९१ च्या मांडणीचाही गाभा आहे. तिथे ती अख्ख्या प्रदेशांना लावली आहे, इथे एका चिमणीला.

आता कायदा. ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा. २००६ मध्ये त्यात अंतराची अट आली: नवा कारखाना जुन्यापासून किमान १५ किलोमीटर दूर हवा. राज्यांना हे अंतर वाढवून घेता येतं. महाराष्ट्रानं २०११ मध्ये ते २५ केलं. अंतर हवाई, म्हणजे रस्त्यानं नाही तर सरळ रेषेत मोजायचं, दाखला सर्व्हे ऑफ इंडियाचा. साखर उद्योगावरची बंधनं तपासणाऱ्या रंगराजन समितीनं २०१२ मध्ये ही अट काढून टाकावी असं सुचवलं. आपल्याकडे ती राहिली.

अटीमागचा हेतू वाईट नाही. कारखाने पंचवीस-पंचवीस किलोमीटरवर मधमाशीच्या पोळ्यासारखे मांडले तर प्रत्येकाच्या वाट्याला ५४१ चौरस किलोमीटरचा षटकोन येतो. पंधराच्या अटीत १९५ येतो. गच्च उसाच्या भागात पंधराच्या षटकोनात ३ लाख टनांच्या आसपास ऊस मिळेल, म्हणजे दोन हजार टनांचा कारखाना जेमतेम चालेल. पंचवीसच्या षटकोनात साडेआठ लाख टनांच्या वर, म्हणजे पाच हजार टनांचा कारखाना सुखानं चालेल. कोरडवाहू भागात मात्र पंचवीसच्या षटकोनातही दोन लाखांवर थोडंच काही मिळतं. एकाच अटीत चौपट फरक. किलोमीटर मोजणं सोपं, दाखला मिळतो. हेक्टर मोजायचे तर दरवर्षी भांडण. म्हणून किलोमीटर.

पण अटीचं खरं भगदाड वेगळंच आहे. ती नवा बिंदू अडवते, जुन्या बिंदूची त्रिज्या अडवत नाही. जुने कारखाने तर अटीच्या आधीपासून दाटीनं बसलेले आहेत: कोपरगाव तालुक्यातच संजीवनी आणि कोळपेवाडी, राहाता तालुक्यात लोणी आणि गणेशनगर. आणि पंचवीस किलोमीटर लांब असलेले दोन कारखाने प्रत्येकी दहा हजार टनांचे झाले, तर गच्च मुलखातही प्रत्येकाला अठरा किलोमीटरचं वर्तुळ लागतं. वाट्याला आहेत साडेबारा. वर्तुळं एकमेकांत घुसतात.

घुसली तरी बिघडायला नको, असं गणित म्हणतं. हॅरॉल्ड हॉटेलिंगच्या १९२९ च्या लेखातली रेघ आठवा: दोन विक्रेते, मधे गिऱ्हाईक. इथे उलट, दोन खरेदीदार आणि मधे शेतकरी. कारखाना ‘अ’ जास्त भाव देतो, ‘ब’ कमी. शेतकरी भावातून अंतराचा खर्च वजा करून ज्याच्याकडे जास्त उरेल त्याला ऊस घालतो. हद्दीची रेघ मध्यापासून भावातला फरक भागिले दुप्पट वाहतूक दर इतकी सरकते. वाहतुकीचा दर टनाला किलोमीटरमागे ५ रुपये धरू. हा आकडा हवेतला नाही: २०२२ च्या मे महिन्यात मराठवाड्यात ऊस तोडीविना उभा राहिला, तेव्हा राज्य सरकारनं पन्नास किलोमीटरच्या पलीकडल्या अंतरासाठी अनुदान जाहीर केलं, ते याच दरानं. मग ‘अ’नं १०० रुपये जास्त दिले तर रेघ १० किलोमीटर सरकेल आणि थांबेल. त्या रेघेपलीकडच्याला ‘ब’च परवडेल. दोन ट्रॅक्टर समोरासमोर येण्याचा प्रश्नच उरत नाही.

आता शेतकऱ्याचं बिल हातात घ्या. २०२४-२५ च्या हंगामाला एफआरपी (केंद्र सरकार ठरवतं तो उसाचा किमान भाव) १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३४०० रुपये होती. उतारा जास्त तर रक्कम जास्त. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते, कारण आपल्याकडे मुकादमाच्या हाताखालच्या तोडणी मजुरांच्या टोळ्या आणि गाड्या कारखानाच लावतो. तोडणीला अंतराशी देणंघेणं नाही. कोयता शेतातच चालतो. वाहतुकीला आहे. पण बिलात दोन्ही मिळून एकच आकडा येतो, आणि तो कारखान्याच्या सगळ्या उसाची सरासरी असतो. काट्यापासून तीन किलोमीटरवरच्या शेतकऱ्याला तोच, आणि साठ किलोमीटरवरून गेटकेन (कार्यक्षेत्राबाहेरचा ऊस) घालणाऱ्यालाही तोच.

मघाच्या सूत्रात भागाकाराच्या खाली वाहतूक दर होता. शेतकऱ्याला जो दर दिसतो तो आता शून्य आहे. शून्यानं भागल्यावर काय होतं हे सातवीतल्या पोरालाही ठाऊक. रेघ उरतच नाही. दहा रुपये जास्त जाहीर करणारा कारखाना शंभर किलोमीटरवरचा असला तरी शेतकऱ्याच्या दृष्टीनं तोच जवळचा. शिवाय भावापेक्षा मोठी चीज म्हणजे तोड. खोडवा (आधीच्या तोडीनंतर फुटलेला ऊस) तुऱ्यावर आलाय, आपल्या कारखान्याच्या नोंदीच्या क्रमानं चिटबॉय (उसाच्या नोंदी ठेवणारा कारखान्याचा माणूस) फेब्रुवारी सांगतोय, आणि शेजारचा शेतकी अधिकारी म्हणतो, ‘मुकादम उद्याच पाठवतो, रान मोकळं करा.’ गव्हाचं रान मिळतंय म्हटल्यावर कुणीही हो म्हणेल. हे दोन्ही बाजूंना घडतं: ‘अ’च्या हद्दीतला कंटाळलेला शेतकरी ‘ब’ला ऊस देतो, ‘ब’च्या हद्दीतला ‘अ’ला. कोल्हारच्या पुलावर हॉर्न वाजतात ते असे.

कारखान्याला लांबचा ऊस का परवडतो, तेही आकड्यात पाहू. पाच लाख टन ऊस सरासरी १५ किलोमीटरवरून येतो, वाहतूक ७५ रुपये. आणखी एक लाख टन साठ किलोमीटरवरून आणला, त्याची वाहतूक ३०० रुपये. नवी सरासरी ११२ रुपये ५० पैसे. स्थिर खर्च पाच लाखांवर ६०० रुपये पडत होता, सहा लाखांवर ५०० पडतो. ताळेबंदात एकूण खर्च ६७५ वरून साडेसहाशेच्याही खाली. वार्षिक सभेत टाळ्या. पण ते शंभर रुपये कारखान्याच्या खात्यात वाचले, आणि साडेसदतीस रुपये प्रत्येक सभासदाच्या बिलातून गेले. एकरी ४० टन काढणाऱ्याचे दीड हजार रुपये. त्या लांबच्या ऊसवाल्याच्या शेजारी पंधरा किलोमीटरवर दुसरा कारखाना असेल, आणि बहुतेक असतोच, तर एक लाख टनामागे सव्वादोन कोटींचं डिझेल नुसतं रस्त्यावर जळलं. तिकडचा कारखानाही मोकळा बसत नाही. त्याची गव्हाण भरायला तो इकडे येतो.

सभासदाला दीड हजार परत मिळत नाहीत का? मिळू शकतात. चांगला चालणारा कारखाना वाचलेले शंभर रुपये एफआरपीवर जादा देऊन वाटतो, आणि मग तक्रारीला जागा राहत नाही. ते वाटले गेले की नाहीत हे बिलावरून कळत नाही, एवढीच अडचण. वजावट एका ओळीत, जादा भाव दुसऱ्या वर्षी दिवाळीला.

इथे माझं मत स्पष्ट सांगतो, पटो न पटो. अंतराची अट पंचवीस हवी की पंधरा, यावर जितकी शाई गेली त्याच्या दहाव्या हिश्शातही वजावटीच्या सरासरीवर गेली नाही, आणि वर्तुळं मोडतात ती त्या सरासरीमुळे. तोडणी वेगळी दाखवा, वाहतूक अंतराच्या टप्प्यांनी कापा, पंचवीस किलोमीटरपर्यंत एक, पुढे दुसरी, अशी मागणी जुनी आहे. तसं झालं तर मघाचा भागाकार पुन्हा शक्य होतो. पाच रुपयांच्या दरानं तीन किलोमीटरवरच्याला १५ रुपये लागतील, साठवरच्याला ३००. साठवरचा शेतकरी त्या दिवशी आपल्या शेजारच्या कारखान्याच्या शेतकी ऑफिसात जाऊन बसेल.

पण एक वर्ष या उपायालाही वाकवतं, तेही नोंदवून ठेवतो. वरच्या सगळ्या गणितात उसाची दाटी स्थिर धरली आहे. ती महाराष्ट्रात कधीच स्थिर नसते. २०१४-१५ ला राज्यात १०५ लाख टन साखर झाली, दुष्काळानंतर २०१६-१७ ला जेमतेम ४२, आणि २०२१-२२ ला १३७. दाटी निम्म्याहून खाली गेली की तेवढ्याच उसासाठी दीडपट त्रिज्या लागते. कारखाने एकमेकांच्या दारात जातात, मग टप्पे लावा नाहीतर काही लावा. आणि दाटी वाढली की उलट. २०२२ च्या मे मध्ये बीड-जालन्याकडे कारखाना पाच किलोमीटरवर होता, चिमणी शेतातून दिसत होती, आणि तरी ऊस पेटवून द्यायची पाळी आली, कारण गव्हाण पुढचा महिनाभर भरलेली होती. त्या हंगामात अंतराला किंमत नव्हती, रांगेला होती. रांगेचं गणित वेगळं, त्याला वेबरची फळी चालत नाही. तिथे दिवसाला किती टन येतात आणि किती गाळले जातात एवढंच लागतं. सरकारनं तेव्हा किलोमीटरला पाच रुपये देऊन तो ऊस लांबच्या रिकाम्या गव्हाणींकडे पाठवला, आणि त्या एका महिन्यात रस्त्यावरचा प्रत्येक लांबचा ट्रॅक्टर योग्य दिशेनं चालला होता.